नव्या गेमचे पहिले शंभर खेळाडू

ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि दोन महिन्यांत पीसी, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवरही. सर्कशीत कसरती करणारी राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू यांची ही गोष्ट. असुर गोलूला पळवून नेतात आणि दुर्गेच्या कृपेने हाती आलेला त्रिशूळ घेऊन राजी त्याच्या शोधात निघते. राजस्थानी धाटणीचे किल्ले आणि महाल, पहाडी लघुचित्रांसारखे रंग, आणि कथेचे दुवे जोडायला सावल्यांच्या बाहुल्या. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठीच्या पाच नामांकनांत तो होता. हा गेम पुण्यात बनला. 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाच्या एका छोट्या स्टुडिओने तो बनवला, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गेमरना हे आजही ठाऊक नाही.

त्याआधीची तीन वर्षे मला जास्त महत्त्वाची वाटतात. २०१७ मध्ये याच मंडळींनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती. किकस्टार्टरचा नियम कडक आहे: ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण झाली नाही, तर जमलेल्यातला एक पैसाही हाती येत नाही. ती रक्कम जमली नाही. बहुतेक प्रकल्प इथेच संपतात. स्टुडिओ बंद होतो, माणसे पुन्हा नोकरीला लागतात, गेम कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहतो. राजी टिकला, कारण करणाऱ्यांनी हट्ट सोडला नाही आणि पुढे अनरियल इंजिनच्या निधीसारखी बाहेरची मदतही मिळाली. पण प्रत्येक स्टुडिओकडे असा हट्ट परवडण्याइतका दम नसतो. दम सुटण्याआधी खेळाडूंनी हात दिला, तर किती गेम वाचतील? आणि हात द्यायचा म्हणजे नक्की काय करायचे? हा लेख त्यासाठी आहे.

आधी बाजाराची स्थिती बघा. पीसी गेमचे ऑनलाइन दुकान असलेल्या एकट्या स्टीमवर २०२४ या वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. म्हणजे दिवसाला सरासरी पन्नास. मोठ्या कंपनीच्या गेमची जाहिरात वर्षभर चालते, ट्रेलर यूट्यूबवर गाजतात, खेळाडू तारखेची वाट बघत बसतात. नव्या डेव्हलपरकडे यातले काही नसते. त्याचा गेम एका मंगळवारी-बुधवारी गुपचूप दुकानात लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी पन्नास गेम येऊन पडतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कुणी विकत घेतले, खेळले, चार शब्द लिहिले, तर दुकानाची यंत्रणा तो आणखी लोकांना दाखवते. नाहीतर तो खाली जातो आणि मग सहसा वर येत नाही. म्हणून पहिले शंभर-दोनशे खेळाडू हे पुढच्या दहा हजारांपेक्षा मोलाचे असतात. दहा हजारांपर्यंत गेम पोहोचणार की नाही, हे तेच ठरवतात.

यात खेळाडूचा स्वतःचा फायदा आहे, आणि तो लहान नाही. आपण ज्या गेमवर वाढलो, ते आले कुठून हे आठवून बघा. सायबर कॅफेत तासाला दहा-वीस रुपये मोजून ज्यांनी काउंटर-स्ट्राइक खेळला, त्या पिढीला सांगायला हवे की तो मुळात 'हाफ-लाइफ' या गेमवर बांधलेला एक मॉड होता. मिन्ह ले हा कॅनडातला विद्यार्थी आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये तो फुकट वाटायला सुरुवात केली. लोकांनी खेळून खेळून तो मोठा केला आणि मग 'हाफ-लाइफ' बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेतला. पबजीमागचा ब्रेंडन ग्रीन हाही आधी दुसऱ्यांच्या गेमसाठी मॉड बनवणारा माणूस. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो, हा प्रकार आज बीजीएमआयमध्ये घराघरांत खेळला जातो. तो रुजला तो अशाच मॉडमधून. मोठ्या कंपन्या कोट्यवधी डॉलर घालतात तेव्हा त्यांना जोखीम नको असते. म्हणून त्या गेल्या वर्षीचाच गेम नव्या आकड्यानिशी काढतात. नवा विचार येतो तो ज्याला गमावण्यासारखे फारसे नाही त्याच्याकडून.

'स्टारड्यू व्हॅली'चा एरिक बरोन सिएटलमध्ये राहायचा. कोड, चित्रे, संगीत, संवाद, सगळे त्याने एकट्याने केले आणि त्यात साडेचार वर्षांच्या आसपास गेली. त्या काळात तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचे अर्धवेळ काम करत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आला आणि २०२४ अखेरपर्यंत त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. या सगळ्या वर्षांत त्याने मोठमोठे अपडेट दिले आणि त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. 'अमंग अस'ची कथा तर अजून बोलकी आहे. इनरस्लॉथ या तीन माणसांच्या स्टुडिओने तो २०१८ च्या जूनमध्ये आणला तेव्हा फारसे कुणी बघितलेही नाही. मोजके खेळाडू चिकटून राहिले, निर्माते त्यांच्यासाठी अपडेट देत राहिले, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये काही स्ट्रीमर्सच्या हाती तो लागला. मग आपल्याकडच्या आत्या-मावश्यांनाही 'इम्पोस्टर' म्हणजे काय ते कळले. मधली दोन वर्षे ज्यांनी तो खेळत ठेवला त्यांची नावे कुणालाच माहीत नाहीत. तो गेम जगला तो त्यांच्यामुळे.

आता पैशांचे बोलू. पाचशे रुपयांचा गेम घेतला की निर्मात्याला पाचशे मिळतात, असे अनेकांना वाटते. तसे नसते. त्यातला १८ टक्के जीएसटी वजा केला की साधारण ४२४ रुपये उरतात. स्टीम ३० टक्के घेते, म्हणजे सुमारे १२७ रुपये. उरले २९७. प्रकाशक असेल तर त्याचा वाटा यातूनच जातो, आणि तो अर्ध्यापर्यंतही असू शकतो. मग संगीतकार, चित्रकार, सॉफ्टवेअरचे परवाने, आणि शेवटी निर्मात्याचा प्राप्तिकर. तोच गेम ७५ टक्के सवलतीत घेतला, तर स्टुडिओपर्यंत काय पोहोचते हे तुम्हीच काढा. सेलची वाट बघूच नये, असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्याचा खिसा मला माहीत आहे. मोठ्या कंपनीच्या चार हजारांच्या गेमसाठी खुशाल दिवाळी सेलपर्यंत थांबा, तिला फरक पडत नाही. पण चारशे-पाचशेचा नवा गेम मनापासून आवडला असेल, तर तो पहिल्याच आठवड्यात, पूर्ण किमतीला घ्या. वर्षातून असे दोन गेम घेतले तरी पुष्कळ झाले.

आणि पैसे नसतील तर? तरीही करण्यासारखे बरेच आहे. किंबहुना त्यातले बरेच पैशांइतकेच उपयोगी आहे.

पहिली गोष्ट विशलिस्ट. गेम अजून आलेला नाही, पण स्टीमवर त्याचे पान आहे आणि तो तुम्हाला आवडेलसा वाटतो, तर विशलिस्टचे बटण दाबा. गेम येईल त्या दिवशी स्टीम तुम्हाला मेल पाठवते, आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सूट लागली की पुन्हा कळवते. निर्मात्याच्या दृष्टीने मात्र ते बटण याहून मोठे असते. विशलिस्टचा आकडा चांगला असेल तरच गेम 'लवकरच येणाऱ्या लोकप्रिय' गेमच्या यादीत दिसतो. प्रकाशकाशी बोलणी करतानाही पहिला प्रश्न तोच असतो: विशलिस्ट किती? स्टीम वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, 'नेक्स्ट फेस्ट' भरवते. त्या आठवड्यात न आलेल्या शेकडो गेमचे डेमो फुकट खेळता येतात. शनिवार-रविवारची एखादी दुपार त्यासाठी काढा. चार डेमो उतरवा, अर्धा-अर्धा तास खेळा, आवडेल तो विशलिस्टमध्ये टाका, नाही आवडला तो सोडून द्या.

दुसरी गोष्ट रिव्ह्यू. इथे मी जरा थांबतो, कारण आपल्या गेमरमंडळींकडून सर्वांत जास्त हयगय इथेच होते. स्टीमवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमच्या पानावर 'बहुतांशी चांगले' किंवा 'संमिश्र' असे एकत्रित मत उमटतच नाही. नुसता आकडा दिसतो, आणि तीन-चार रिव्ह्यू बघून नवा माणूस पुढे जातो. निर्माता आपल्या मित्रांना फुकट कोड वाटून हा आकडा भरून काढू शकत नाही, कारण स्टीमवर विकत न घेतलेल्या प्रतींचे रिव्ह्यू त्या मतात धरले जात नाहीत. म्हणजे पहिले दहा जण खरेच पैसे देऊन घेणारे हवेत आणि त्यांनी लिहायला हवे. दोनशे जण खेळतात आणि लिहितात तीन, हे चित्र नव्या गेमच्या पानांवर नेहमी दिसते.

काय लिहावे? 'भारी गेम, नक्की घ्या' याने आकडा वाढतो, तेही बरेच. पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. समजा कोकणातल्या एका जुन्या वाड्यात घडणारा कोड्यांचा गेम आहे. त्यावर कुणी असे लिहिले: 'सहा तास खेळलो. कोडी विचार करायला लावतात, पण रखडवत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळाचे कोडे मात्र इशाऱ्याशिवाय सुटत नाही. पावसाचा आवाज फार छान. सेव्हची सोय फक्त प्रकरण संपल्यावर आहे, त्यामुळे मध्येच उठता येत नाही. कंट्रोलर चालतो. धावाधाव, मारामारी हवी असेल तर हा तुमच्यासाठी नाही.' पाच-सहा वाक्ये. विकत घ्यावा की नाही, हे वाचणाऱ्याला कळते. आणि सेव्हची सोय बदलायला हवी, हे निर्मात्याला कळते. मराठीत लिहिले तरी चालते. दुसरा मराठी माणूस ते वाचतो, आणि या भाषेत आपले खेळाडू आहेत हे निर्मात्याला दिसते.

चूक दाखवली म्हणजे पाठिंबा काढला, असे समजू नका. राजीवरही टीका झाली. लढाई अडखळते, कॅमेरा हवा तिथे नसतो, शेवट अचानक येतो, असे खेळाडूंनी आणि समीक्षकांनी स्पष्ट सांगितले. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाई सुधारली आणि हिंदी आवाजही घातला. पुण्याचा गेम म्हणून सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या, तर ही सुधारणा झाली असती का? आपल्या माणसाचा आहे म्हणून खोटे कौतुक करणे ही मदत नाही. गेम फसवणुकीचा असेल, दुसऱ्याची तयार चित्रे आणि कोड जसेच्या तसे चिकटवून दोन दिवसांत उभा केलेला असेल, तर तो घेऊ नका आणि तसे लिहा. नवेपणाला सवलत द्यावी ती अपुऱ्या सफाईसाठी. अप्रामाणिकपणासाठी देऊ नये.

फोनवरच्या गेमचे गणित वेगळे आहे, आणि महाराष्ट्रात बहुतेक जण फोनवरच खेळतात. प्ले स्टोअरवर रेटिंग देशानुसार दाखवले जाते, २०२१ च्या नोव्हेंबरपासून. म्हणजे भारतातल्या खेळाडूला भारतातल्यांनी दिलेले तारे दिसतात. तुमचा एक तारा किंवा पाच तारे थेट तुमच्या शेजाऱ्याला दिसणार. 'नेट नसताना चालत नाही' म्हणून ऑनलाइन गेमला एक तारा देणारे, किंवा 'पाच तारे देतो, आधी फुकट कॉइन द्या' म्हणणारे रिव्ह्यू मी रोज वाचतो. मोठ्या कंपनीच्या लाखो रिव्ह्यूंत ते विरघळून जातात. चाळीस रिव्ह्यू असलेल्या गेमचे मात्र त्यांनी कंबरडे मोडते.

प्ले स्टोअरचा आणखी एक नियम फार थोड्या गेमरना माहीत असतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने वैयक्तिक डेव्हलपर खाते उघडले आहे, त्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद गटात तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी किमान १२ माणसे सलग १४ दिवस त्या चाचणीत राहायला हवीत. सुरुवातीला ही अट २० माणसांची होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली. नाशिकच्या किंवा सांगलीच्या एखाद्या खोलीत एकटा बसून गेम करणाऱ्या मुलाने ही बारा माणसे आणायची कुठून? घरच्यांचे फोन गोळा करून आकडा भरतो, पण खरे खेळणारे मिळत नाहीत. कॉलेजातल्या, गावातल्या, ओळखीच्या कुणी गेम बनवत असल्याचे कळले, तर स्वतःहून विचारा: 'टेस्टर हवेत का?' चौदा दिवस ॲप काढून टाकू नका, रोज थोडे खेळा, जे खटकले ते कळवा. यात एक रुपयाही खर्च होत नाही.

इथे एक सावधगिरी. डिस्कॉर्डवर अनोळखी माणूस येऊन 'मी नवा गेम बनवलाय, टेस्ट करशील का?' म्हणतो आणि एक फाइल पाठवतो, हा फसवणुकीचा सर्रास चालणारा प्रकार आहे. ती फाइल उघडली की तुमची खाती आणि पासवर्ड चोरीला जातात. म्हणून चाचणी करायची ती स्टीमच्या प्लेटेस्टमधून, प्ले स्टोअरच्या अधिकृत दुव्यावरून, किंवा ज्याला प्रत्यक्ष ओळखता त्याच्याकडूनच. खरा डेव्हलपर अँटिव्हायरस बंद करायला कधीच सांगत नाही.

चाचणीत काय कळवावे, याचेही एक तंत्र आहे. 'गेम हँग होतो' एवढ्याने निर्माता डोके धरून बसतो. हजार प्रकारचे फोन, त्यात कुठे, कधी, कशाने? त्याऐवजी असे लिहा: 'दुसऱ्या लेव्हलमध्ये विहिरीच्या डाव्या काठावरून उडी मारली की पात्र भिंतीत अडकते. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा झाले. फोन ४ जीबी रॅमचा, अँड्रॉइड १३. स्क्रीनचा व्हिडिओ जोडला आहे.' जागा, कृती, किती वेळा घडले, यंत्र कोणते. एवढे मिळाले की दोन दिवस शोधत बसायचा बग तासाभरात सापडू शकतो.

मराठी खेळाडूच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. गेम बनवण्याच्या काही प्रचलित साधनांना देवनागरी नीट मांडता येत नाही. युनिटीमध्ये मजकुरासाठी सर्रास वापरले जाणारे टेक्स्टमेश प्रो त्यातलेच एक. त्यात 'किल्ला' लिहिले की पहिली वेलांटी क-च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि ल्ल सुटा होऊन पाय मोडलेला दिसतो. 'स्त्री', 'ज्ञान', 'कृष्ण' यांची काय दशा होत असेल, कल्पना करा. गोडो या मुक्त साधनाच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून अशा लिप्यांची मांडणी मुळातच नीट होते. युनिटीत मात्र वेगळे उपाय शोधावे लागतात. बंगळूरुच्या किंवा पोलंडच्या डेव्हलपरने हौसेने मराठी घातली, तरी ती बरोबर उमटली की नाही हे त्याला कोण सांगणार? मेनूचा स्क्रीनशॉट काढा, चुकलेल्या जागा लाल खुणेने दाखवा, शेजारी बरोबर शब्द लिहा आणि पाठवा. भाषांतरात हात असेल तर छोट्या स्टुडिओला विचारून बघा, मदत मागताना ते संकोचतात. मदत करताना एक अट घाला: श्रेयनामावलीत नाव हवे. गेम विकून पैसे येणार असतील, तर थोडे मानधनही मागा. फुकट राबून घेण्याची सवय नव्या स्टुडिओंनाही लागू नये.

आता ज्या गोष्टी टाळायला हव्यात त्या. क्रॅक आणि रिपॅक यांवर आपली एक अख्खी पिढी वाढली. तेव्हा मूळ सीडी मिळायची नाही, मिळाली तर महिन्याच्या खर्चाएवढी किंमत असायची. आज स्टीमवर रुपयांत किमती आहेत, आणि अनेक छोटे गेम एका मल्टिप्लेक्स तिकिटाच्या पैशांत मिळतात. डेमो असतो. खेळून पटले नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देते. एवढी सोय असताना दोन माणसांच्या स्टुडिओचा गेम क्रॅक करून खेळणे मला अन्याय वाटतो, आणि हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. स्वस्तात 'की', म्हणजे गेम सुरू करायचे कोड, विकणाऱ्या आडबाजारांपासूनही दूर राहा. तिथल्या काही की चोरलेल्या कार्डांवर घेतलेल्या असतात. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक पैसे मागे घेते आणि भुर्दंड निर्मात्यावर पडतो. २०१९ मध्ये काही स्वतंत्र प्रकाशकांनी जाहीरपणे सांगितले होते की अशा ठिकाणी की विकत घेण्यापेक्षा आमचा गेम पायरेट करा, त्यात आमचे नुकसान कमी आहे.

परताव्याची सोयही विचाराने वापरा. गेम चालत नाही, वर्णनापेक्षा वेगळा निघाला, कंटाळवाणा वाटला, तर परतावा हा तुमचा हक्क आहे. पण २०२१ मध्ये एमिका गेम्सच्या निर्मात्याने 'समर ऑफ '५८' हा भयकथेचा गेम आणला. तो दोन तासांच्या आत संपायचा. कितीतरी जणांनी तो पूर्ण खेळला आणि नियमात बसते म्हणून पैसे परत घेतले, त्यातल्या काहींनी तर चांगला रिव्ह्यू लिहून. निर्मात्याने अनिश्चित काळासाठी गेम बनवणे सोडत असल्याचे जाहीर केले. छोट्या लांबीचे नेटके गेम आपल्याला हवे असतील, तर पूर्ण खेळून झालेल्या गेमचे पैसे परत मागू नयेत.

लोकवर्गणी आणि अर्ली ॲक्सेस यांबाबत मात्र भावनेच्या भरात वाहू नका. अर्ली ॲक्सेसमधला, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेला, गेम आज जसा आहे तसा खेळायला आवडत असेल तरच घ्या, पुढच्या आश्वासनांसाठी घेऊ नका. स्टीम चालवणारी व्हॉल्व्हही खेळाडूंना हेच सांगते. किकस्टार्टरवर दिलेला पैसा म्हणजे आगाऊ खरेदी नव्हे. प्रकल्प अर्धवट राहू शकतो, म्हणून बुडाले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम द्या. आईवडिलांच्या कार्डावर तर त्यांना विचारल्याशिवाय काहीच नाही. तरी या वाटेने काय घडू शकते, तेही सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीला २०१४ मध्ये दोन हजारांहून थोड्या जास्त लोकांनी मिळून सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. त्यातून 'हॉलो नाइट' झाला. त्याचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ ला आला, तेव्हा एवढी झुंबड उडाली की स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती. 'गेमिंग' म्हटले की वर्षानुवर्षे रमी आणि पैसे लावायच्या ॲप्सच्या जाहिराती डोळ्यांपुढे यायच्या. गुंतवणूकदारांचा पैसा तिकडे, क्रिकेटपटूंचे चेहरे तिकडे, आणि गोष्ट सांगणारा गेम बनवणाऱ्याला घरातूनच प्रश्न: 'म्हणजे जुगार का?' ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीच्या गेमना वेगळे, मान्य स्थान दिले. कायद्याने ओळ आखली, पण घराघरांत ती पोहोचवायला वेळ लागेल. तुम्ही गेमर असाल तर घरच्यांना भारतीय माणसांची गोष्ट सांगणारा एखादा चांगला गेम शेजारी बसवून दाखवा. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांचा 'मिसिंग' मुलींच्या तस्करीवर आहे. टोरोंटोच्या एका स्टुडिओचा 'वेन्बा' कॅनडात आलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट स्वयंपाकातून सांगतो, त्यात इडली कशी वाफवायची ते कोडे म्हणून सोडवायचे असते. राजी तर आपल्याच राज्यातला. असा गेम तासभर बघितलेल्या आईवडिलांना मग पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

जे स्ट्रीम करतात, यूट्यूबवर मराठीत व्हिडिओ टाकतात, त्यांना वेगळी विनंती. तेच चार गाजलेले गेम रोज खेळून तुम्ही हजारोंच्या गर्दीत उभे असता. महिन्यातून एक दिवस अनोळखी गेमला द्या. निर्माते बहुधा आनंदाने कोड देतात. तो फुकट मिळाला असेल तर प्रेक्षकांना तसे सांगा, आणि गेम आवडला नाही तर तेही सांगा. तुमच्या साठ-सत्तर प्रेक्षकांतून पाच जणांनी जरी घेऊन रिव्ह्यू लिहिला, तरी त्या निर्मात्याच्या दहा रिव्ह्यूंतले निम्मे तिथेच होऊ शकतात.

तेव्हा आज रात्री रँक पुश करायला बसण्याआधी पाच मिनिटे काढा. गेल्या वर्षभरात तुम्हाला खरोखर आवडलेला, पण फारसा कुणाला माहीत नसलेला एक गेम आठवा. त्याच्या पानावर जा, रिव्ह्यू किती आहेत बघा, आणि आपला लिहा. मराठीत लिहा.